चढण कुणाची?

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक बातमी हमखास असते. हातगाडीवाल्याचा, रिक्षावाल्याचा किंवा विड्या वळणाऱ्या बाईचा मुलगा नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलेला असतो. छायाचित्रात आई त्याला पेढा भरवत असते, मागे पत्र्याची भिंत असते आणि वर मथळा असतो, 'परिस्थितीवर मात'. मुलगा आपल्या समाजातला असला तर त्या दिवशी मोहल्ल्यात ते पान हातोहात फिरते. सत्कार होतो, शाल येते, एखादा पुढारी येतो. भाषणात सांगितले जाते की, बघा, मनात जिद्द असली की गरिबी आडवी येत नाही.

अशी भाषणे आम्हीही केली आहेत. टाळ्याही घेतल्या आहेत. त्यामुळे पुढे जे लिहीत आहोत ते दुसऱ्या कुणाला दोष देण्यासाठी नव्हे. ज्या वाक्यावर आम्ही टाळ्या घेतल्या त्या वाक्यातच एक गफलत आहे, हे आम्हाला हळूहळू आणि एका मुलाचे नुकसान करून बसल्यावर कळले. संकटावर मात करणे हे काम नेमके कुणाचे? त्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचे की आपले? हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारायला फार उशीर केला.

आम्ही सोलापुरातल्या एका मोहल्ल्यात शाळा सुटल्यानंतरची अभ्यासिका चालवतो. आम्ही म्हणजे पाच जण. दोन शिक्षक, एक टेलर, बँकेतून निवृत्त झालेले एक चाचा आणि डी.एड. झालेली एक तरुणी, जिला सगळी मुले बाजी म्हणतात. एका दुकानाच्या माडीवरची एक लांबट खोली आहे. तीन ट्यूबलाइट, सतरंज्या, पुस्तकांचे एक कपाट, एक कॅरम आणि गल्लीकडे उघडणारी खिडकी. संध्याकाळी पाचला दार उघडते, मगरिबला अर्धा तास खंड पडतो आणि रात्री नऊला कुलूप लागते. मगरिबपर्यंतची वेळ मुलींची, नंतरची मुलांची. कुणी याला क्लास म्हणतात, कुणी क्लब म्हणतात, मुले मात्र नुसतेच 'ऊपर' म्हणतात. 'ऊपर जाके आता हूं,' असे घरी सांगून येतात.

या मुलांचे संकट कोणते, असे कुणी विचारले तर एका शब्दात सांगता येत नाही. ते फार लहान लहान गोष्टींत विभागलेले असते. घर दहा बाय बाराचे. त्यात सहा-सात माणसे. आई दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळते, संध्याकाळी मुलगी तिच्या शेजारी बसून पाने कापते किंवा धागा बांधते, कारण हजाराचा आकडा पुरा झाल्याशिवाय मजुरी पदरात पडत नाही. बाप यंत्रमागावर टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला असेल तर तो दिवसा झोपतो. मग घरात मोठ्याने वाचायचे नाही, पाढे म्हणायचे नाहीत, धाकट्या भावाला रडू द्यायचे नाही. शेजारच्याच खोलीत माग चालू असेल तर खटखट रात्रंदिवस. आणि पाण्याचा दिवस! आमची अभ्यासिका सुरू झाली तेव्हा नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येत असे. पाणी आले की मोहल्ल्यातली सगळी पोरे घागरी, कळश्या आणि प्लॅस्टिकचे कॅन घेऊन रांगेत. त्या दिवशी आमची खोली रिकामी. पुढे आम्ही हजेरीची वही पाहूनच सांगू लागलो की पाणी कोणत्या दिवशी आले होते.

यातले एकही दुःख कादंबरीत शोभेल असे नाही. पण ही सगळी मिळून एका मुलाच्या संध्याकाळचे चार तास खाऊन टाकतात. आणि अभ्यास असो, खेळ असो, मैत्री असो की नुसते खिडकीत बसून स्वप्न पाहणे असो, शाळेत जाणाऱ्या मुलाकडे त्यासाठी दुसरे तास असतातच कुठे?

त्यात चौदावे वर्ष हे मोठे अवघड वळण. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. बालमजुरीचा कायदा २०१६ मध्ये बदलला, पण १४ ते १८ या वयाच्या मुलांना धोकादायक नसलेल्या कामावर ठेवायला तो मज्जाव करीत नाही. म्हणजे ज्या वर्षी शिक्षणाचा हक्क संपतो त्याच वर्षी मजुरीचा दरवाजा उघडतो. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की, ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा मध्येच शाळेबाहेर पडली होती. हा आकडा आपण सर्वांनी परिसंवादांतून पुष्कळ वेळा उगाळला. पण चौदानंतरचे काय? त्या वयाचा मुलगा शाळेबाहेर पडतो तेव्हा कुणी त्याला हाकलत नाही. आधी तो संध्याकाळी गॅरेजमध्ये 'शिकायला' जाऊ लागतो. मग सकाळीही जातो. परीक्षेच्या वेळी येईन म्हणतो. एक दिवस वर्गात त्याचे नाव घेतले जात नाही आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही. शाळा सकाळी सुटत नाही, ती संध्याकाळी सुटते, हा आमचा अनुभव आहे. म्हणून ज्याला पोर राखायचे आहे त्याने संध्याकाळ राखली पाहिजे, एवढ्या साध्या हिशेबाने आम्ही ती खोली घेतली.

खोलीत काय घडते? फार मोठे काही नाही. पहिली गोष्ट म्हणजे उजेड आणि बसायला जागा. दुसरी गोष्ट एक मोठे माणूस. हे माणूस बाप नाही, त्यामुळे त्याला घरखर्चाची चिंता मुलावर काढायची नसते. ते वर्गावरचे गुरुजीही नाही, त्यामुळे त्याच्या हाती गुण नसतात. पंधरा वर्षांच्या मुलाला अशा माणसाची किती गरज असते ते आम्हाला कॅरमवर कळले. चाचा कॅरम चांगला खेळतात. एक मुलगा तीन महिने त्यांच्यासमोर बसून खेळला, अभ्यासाचे पुस्तक एकदाही उघडले नाही. आमच्यातल्या एका शिक्षकांची तक्रार होती की हा वेळ वाया घालवतो आहे. चौथ्या महिन्यात स्ट्रायकर हातात धरून, मान वर न करता, तो चाचांना म्हणाला की अब्बा दोन वर्षांपासून घरी पैसे देत नाहीत आणि आपण शाळा सोडायचे ठरवले आहे. ही गोष्ट त्याने शाळेत सांगितली नव्हती, आईलाही सांगितली नव्हती. तीन महिने तो कॅरम खेळत नव्हताच. हे सांगण्याजोगे माणूस आहे की नाही, याची परीक्षा घेत होता.

तिसरी गोष्ट म्हणजे काहीतरी आपल्या हाती असणे. कपाटाची किल्ली आम्ही एका नववीतल्या मुलीकडे दिली. ती पुस्तके देते, वहीत नोंद करते, उशीर झाला तर आम्हालाही टोकते. घरी तिला कुणी काही विचारत नाही, सर्व सांगतातच. इथे तिला विचारावे लागते. तिच्या बोलण्यात जो फरक पडला तो कुठल्याही व्यक्तिमत्त्व विकास शिबिराने पडला नसता. मुलींच्या बाबतीत अडचण निराळी असते. मुलगा संध्याकाळी घरी नसला तर कुणी काळजी करीत नाही, मुलगी नसली तर सारा मोहल्ला काळजी करतो. सुरुवातीला चार मुली आल्या. बाजी घराघरांत जाऊन आयांशी बोलली, त्यांच्याबरोबर बसून विड्या वळल्या, काही दिवस मुलींना स्वतः आणले आणि स्वतः पोहोचवले. मग संख्या वाढली. एका आईने विचारले होते, 'वहां पढ के क्या मिलेगा?' बाजीने उत्तर दिले नाही. पुढच्या आठवड्यात ती आईच 'ऊपर' येऊन बसली आणि म्हणाली, इथे बरे वाटते.

हे सगळे चांगले चालले होते. मुलांचे निकाल सुधारले. एक मुलगा त्या वर्तमानपत्री बातमीतही आला. देणग्या देणारे वाढले. आणि इथेच आमचे चुकले.

देणगी देणारा माणूस निकाल विचारतो, यात त्याची चूक नाही. किती मुले, किती पास, किती प्रथम श्रेणी. आम्हालाही तो हिशेब आवडू लागला. जागा थोडी, येणारी मुले जास्त. तेव्हा आम्ही एक नियम केला. सलग तीन दिवस न सांगता गैरहजर राहणाऱ्याचे नाव कमी करून ती जागा दुसऱ्या गरजू, होतकरू मुलाला द्यायची. नियम फळ्याशेजारी सुवाच्य अक्षरात लावला. शिस्त आली म्हणून आम्ही खूश झालो.

आठवीतला एक मुलगा होता. अबोल. गणितात कच्चा, पण नकाशे फार सुंदर काढायचा. त्याचे वडील आजारी पडले. दवाखाना, पाण्याचा दिवस, मग पुन्हा दवाखाना, असे करीत तो पाच दिवस आला नाही. आम्ही नाव कमी केले. सहाव्या दिवशी तो जिन्यावर आला असावा आणि दाराला लावलेली यादी वाचून परतला असावा. आमच्याशी बोलला नाही. आम्हीही विचारले नाही, कारण नियम सर्वांना सारखा होता!

दीड-दोन वर्षांनी आमच्यातले एक जण दुचाकीचे पंक्चर काढायला थांबले. टायर उतरवणारा मुलगा तोच होता. त्याने ओळखले, सलाम केला, चहा मागवला. बोलता बोलता यांनी विचारले, 'तू मग आलाच नाहीस रे?' तो ट्यूब पाण्यात बुडवीत म्हणाला, 'मैं तो आताच था सर. नीचेइच खडा रहता था.'

पुष्कळ दिवस तो संध्याकाळी येऊन दुकानाच्या फळीशी उभा राहत असे. खिडकीतून उजेड खाली पडायचा, आतले बोलणे ऐकू यायचे. कुणीतरी वर बोलावेल असे त्याला वाटत होते. आम्ही रोज त्याच जिन्याने चढत-उतरत होतो.

त्या रात्री आम्ही पाच जण उशिरापर्यंत बसलो. कुणी कुणाला दोष दिला नाही. पण एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. ज्याच्या घरी संकट नाही तो कधी गैरहजर राहत नाही. आम्ही नियम केला होता संकटाविरुद्ध आणि तो लागू झाला संकटात सापडलेल्यावर. 'परिस्थितीवर मात' करणारी मुले निवडता निवडता, जी मात करू शकत नव्हती त्यांनाच आम्ही बाहेर काढत होतो. मग आमच्यात आणि त्या बातमीत फरक काय राहिला?

त्यानंतर भिंतीवरच्या एका चित्राकडे आम्ही पुन्हा पाहिले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे ते चित्र. आपल्या प्रत्येक अभ्यासिकेत ते असतेच. आम्ही मुलांना नेहमी सांगायचो की, कलामसाहेबांनी लहानपणी रामेश्वरममध्ये वर्तमानपत्रे विकली, गरिबीतून शिकले, तुम्हीही शिका. हे खरेच आहे. पण त्यांनी आपल्या आत्मकथनात आणखीही काही सांगितले आहे आणि ते आम्ही गाळत होतो. मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश घ्यायला पैसे नव्हते तेव्हा त्यांची बहीण जोहरा हिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली. मेहुणे जलालुद्दीन त्यांच्याशी तासन्‌तास बोलत, बाहेरच्या जगाच्या गोष्टी सांगत. शिवसुब्रमण्य अय्यर नावाच्या सनातनी घरातल्या शिक्षकांनी त्यांना आपल्या घरी जेवायला बोलावले, तेही घरातल्यांची नाराजी पत्करून. म्हणजे त्या मुलाच्या चढणीवर किती जण त्याच्याबरोबर चढले होते! आम्ही वर्तमानपत्रांचा गठ्ठा तेवढा लक्षात ठेवला आणि बांगड्या विसरलो. कारण गठ्ठा उचलायला मुलगा लागतो, बांगड्या आपल्या हातातून काढाव्या लागतात.

सब्र या शब्दाचेही आपण असेच केले आहे. आपल्याकडे सब्राचा सल्ला नेहमी वरून खाली येतो. ज्याचे पोट भरलेले आहे तो उपाशी माणसाला सब्र सांगतो. ज्याच्या मुलाला स्वतंत्र खोली आहे तो खोली नसलेल्या मुलाला सब्र सांगतो. सब्र हा मोठाच गुण आहे. पण तो माझ्या दुःखासाठी मी करायचा आहे. दुसऱ्याच्या दुःखापुढे मी सब्र धरला तर त्याला सब्र म्हणत नाहीत. त्याचे साधे नाव बेफिकिरी आहे.

कुरआनातल्या सूरह बलदमध्ये एका चढणीचा उल्लेख येतो. माणसाला वाटा दाखवल्या, पण तो चढण चढायला धजला नाही, असा त्याचा आशय आहे. मग ही चढण कोणती ते सांगितले आहे. गुलामाची मान मोकळी करणे, उपासमारीच्या दिवशी नात्यातल्या अनाथाला किंवा धुळीला मिळालेल्या गरिबाला जेवू घालणे. आणि त्यानंतर, लक्षात घ्या, त्यानंतर, एकमेकांना सब्राची आणि एकमेकांना दयेची आठवण देणाऱ्यांचा उल्लेख येतो. आम्ही काही आलिम नाही. तफसीर सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण साध्या वाचकालाही दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, चढण चढायची आहे ती अनाथाने नव्हे, ज्याच्या घरात अन्न आहे त्याने. आणि दुसरी ही की, सब्र तिथे एकटा येत नाही, दयेचा हात धरून येतो, आणि तो 'एकमेकांना' सांगायचा आहे. आपण मात्र चढण मुलाला दिली, सब्रही मुलालाच दिला आणि स्वतःकडे टाळ्या ठेवून घेतल्या.

यावर काही आक्षेप येतात आणि ते खोटे नाहीत. पहिला असा की, हे काम सरकारचे आहे. शाळा चांगल्या करा, अभ्यासिका नगरपालिकांनी काढाव्यात, तुम्ही खोल्या उघडून सरकारला मोकळे का करता? आम्हाला हे पटते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, पण त्याआधीच त्यांनी बोर्डिंगे उभी केली होती. १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले आणि मुस्लिम मुलांच्या बोर्डिंगची सोय केली. मूल शाळेत किती शिकते यापेक्षा ते शाळा सुटल्यावर कुठे बसते, काय खाते, कुणाच्या दिव्याखाली वाचते, हा प्रश्न त्या राजाने राज्याचा मानला. तो आजही राज्याचाच आहे. तो आपण विचारत राहिला पाहिजे. पण प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत नववीतले पोर दहावीत जाते आणि दहावीतले गॅरेजात. म्हणून मागणीही करायची आणि खोलीही उघडायची. यांतले एक केले म्हणून दुसरे टाळता येत नाही.

दुसरा आक्षेप घरातून येतो आणि तो आक्षेप नसून भीती असते. एका आईने स्पष्ट विचारले, 'रात को इतने लडके एक जगह जमा होंगे तो पुलिस तो नहीं आएगी ना?' बाहेरच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटेल. आपल्याला वाटत नाही. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ ला बाँबस्फोट झाले. त्यात पकडलेल्या नऊ मुस्लिमांपैकी बहुतेकांना जामीन मिळायला २०११ उजाडले आणि न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले ते २०१६ मध्ये. अशी दहा वर्षे ज्या समाजाने पाहिली त्या समाजातल्या आया मुलांना एकत्र बसू देत नाहीत, एकेकट्याने मोबाइलमध्ये डोके घालून बसू देतात. ते त्यांना सुरक्षित वाटते! आम्ही यावर एकच उपाय केला. दार आणि खिडकी उघडी ठेवायची, वेळापत्रक बाहेर लावायचे आणि ज्याला यायचे त्याला येऊ द्यायचे. रस्त्यापलीकडच्या पद्मशाली कुटुंबांतली मुलेही पुढे येऊ लागली. त्यांच्या घरीही विड्या वळतात, त्यांच्याही नळाला त्याच दिवशी पाणी येते. तेलुगू, दखनी आणि मराठी अशी तिन्ही भाषांतली भांडणे कॅरमवर होतात. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर काही वर्षांनी पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली, हे सर्वश्रुत आहे. माणसे एकमेकांना नावाने ओळखत असली की अफवेला जागा कमी मिळते. मुलांच्या बाबतीत हे आणखी खरे आहे.

तिसरा आक्षेप काही बुजुर्गांचा. अभ्यास ठीक आहे, पण कॅरम कशाला? गाण्याच्या भेंड्या कशाला? आम्ही त्यांना आपल्या मराठीतलाच एक शब्द सांगतो. तालीम. अरबीत आणि उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत आला तेव्हा तो आखाडा झाला आणि नाटकाचा सरावही झाला. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी आहेत. तिथे कुस्ती शिकली, तिथेच गणपती बसला आणि कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही बसले. पेठेतल्या पोराला संध्याकाळी जायला हक्काची जागा म्हणजे तालीम. शिक्षण, कसरत आणि सराव हे तिन्ही अर्थ ज्या समाजाच्या ओठांवर एकाच शब्दात नांदतात त्याने खेळाला शिक्षणाचा शत्रू समजू नये. वाढत्या वयात मूल आयुष्याचा सरावच करीत असते. चुकायला त्याला एक जागा लागते, जिथे चुकले तर मजुरी कापली जात नाही.

आता पैशाचे. हा प्रश्न नाजूक आहे, पण नैतिक प्रश्न शेवटी तिथेच येऊन थांबतो. जकातीचे आठ हकदार कुरआनात सांगितले आहेत. खोलीचे भाडे, विजेचे बिल यांवर जकात खर्च करता येते की नाही यावर आलिमांत मतभेद आहेत. आम्ही त्या वादात पडलो नाही. गरजू मुलाची फी आणि पुस्तके जकातीतून देतो आणि खोलीचा खर्च लिल्लाह रकमेतून व आम्हा पाच जणांच्या मासिक वर्गणीतून चालवतो. पण एक गोष्ट आम्ही बंद केली. वह्यावाटपाचे छायाचित्र. गुपचूप दिलेले दान अधिक चांगले, ही शिकवण आपण सर्व जाणतो आणि तरी रमजानमध्ये फ्लेक्स लावतो. पंधरा वर्षांच्या मुलाला वही घेताना छायाचित्र काढले जाते तेव्हा काय वाटते, ते आम्ही एका मुलाच्या चेहऱ्यावर वाचले होते. तो हसत होता, कारण हसायला सांगितले होते. एक-दोन देणगीदार या निर्णयाने दुरावले. बाकीचे टिकले.

आणि तो तीन दिवसांचा नियम आम्ही पुसला. त्याच्या जागी दुसरा नियम केला, तो भिंतीवर लावलेला नाही, आमच्यासाठीच आहे. मूल तीन दिवस आले नाही की आपल्यापैकी एकाने त्याच्या घरी जायचे. रागवायला नव्हे, विचारायला. पाण्याच्या दिवशी खोली उशिरा उघडायची आणि उशिरा बंद करायची. हे करायला लागल्यापासून आमच्या निकालाचे आकडे थोडे खाली आले. आता आमच्याकडे नापास होणारी मुलेही आहेत, दुसऱ्यांदा बसणारी आहेत, दिवसा काम करून रात्री येणारी आहेत. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली तेव्हा तिथे नव्वद टक्केवाले आले नव्हते, ही आठवण आम्हाला धीर देते.

तो पंक्चरवाला मुलगा? त्याच्याकडे आम्ही गेलो. चूक आमची होती हे सांगितले. तो संकोचला, 'छोडो ना सर,' म्हणाला. परत ये म्हटले, तर हसून हात दाखवले, काळे झालेले. तो परत आला नाही. वाचकांना इथे एक चांगला शेवट हवा असेल, आम्हालाही हवा होता. पण आमच्या पश्चात्तापाने त्याची दोन वर्षे परत येत नाहीत. त्याचा धाकटा भाऊ मात्र येतो. त्याला सोडायला तो कधी कधी जिन्यापर्यंत येतो आणि खालीच थांबतो. आम्ही प्रत्येक वेळी खिडकीतून हाक मारतो. कधी तरी तो वर येईल, कदाचित येणारही नाही. हाक मारणे आमच्या हाती आहे.

तुमच्याही मोहल्ल्यात एखादी खोली असेल. जमातखान्याची, शादीखान्याची, बंद पडलेल्या मंडळाची. आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी तिला कुलूप असते. किल्ली कुणाकडे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्या वेळी निकालाच्या दिवशी पेढा खाताना तेवढी किल्ली मागून पाहा. आणि दिवा लावलात की एकदा खिडकीतून खाली वाकून बघा, कुणी उभे आहे का.